शनिवारचं पाणी

ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच "टीबी आहे" असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गोळ्यांबद्दल मी काही सांगणार नाही. ते डॉक्टर सांगतील आणि त्यांचंच ऐका. मी सांगणार आहे ते बाकीचं. घरात तुमचा पेला कुठे ठेवला जातो, फोन कुणाचे यायचे थांबतात, आणि राग आला की त्याचं करायचं काय. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे यात प्रभूचं नाव येणारच. ज्यांना ते नको असेल त्यांनी तेवढं गाळून वाचावं. माझा स्वभाव मुळात तापट आहे हेही आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कुणाला मी फार सोशिक बाई वाटायचे.

डबी

मी ब्लाउज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे आणि पंचवटीपासून गंगापूर रोडपर्यंतच्या बायका माझ्याकडे येतात. नाताळाच्या तोंडावर खोकला सुरू झाला. त्या दिवसांत काम इतकं असतं की मान वर करायला फुरसत नसते. कापडाचा बारीक तंतू घशात जातो, त्याचाच हा खोकला असं मी धरून चालले. आलं, गवती चहा, मधाचं बोट, सगळं झालं. जानेवारीत एका सकाळी तोंड धुताना बेसिनमध्ये रक्त दिसलं. मी नळ मोठा सोडला, बेसिन घासून काढलं आणि कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्यांदा आलं तेव्हा आमचे हे, म्हणजे माझे यजमान शमुवेल, मागेच उभे होते.

सरकारी दवाखान्यात बेडक्यासाठी एक प्लास्टिकची डबी देतात. ती घेऊन इमारतीच्या मागे मोकळ्यावर जायचं आणि तिथे खोकायचं. माझ्यासारख्या आणखी दोघीतिघी तिथे भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. एकमेकींकडे कुणी बघत नव्हतं.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. रिपोर्ट बघून ती म्हणाली, "मावशी, टीबी आहे. पूर्ण बरा होतो. फक्त गोळी चुकवायची नाही."

मी तिला पहिला प्रश्न काय विचारला असेल? जगेन का, हा नाही. मी विचारलं, माझ्या हातचं काही प्यायलं तर दुसऱ्याला होईल का? कारण घरी ओट्याखाली द्राक्षरसाच्या दोन बाटल्या भरून ठेवल्या होत्या आणि रविवार जवळ आला होता.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. रस एकाच चांदीच्या प्याल्यातून सगळ्यांना देतात. करोनाच्या काळात प्रत्येकाला वेगळी छोटी प्याली आली होती, पण साथ ओसरल्यावर त्या प्याल्या कपाटात गेल्या आणि जुना प्याला परत आला. त्या प्याल्यातला रस कित्येक वर्षं मी करत आलेय. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी मंद आचेवर उकळायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. फडकं पिळायचं नाही, आपोआप ठिबकू द्यायचं. दुसरं काही चर्चसाठी मी कधी केलं नाही. मला गाता येत नाही, बोलायला उभं केलं तर घसा कोरडा पडतो. रस मात्र माझाच असायचा.

डॉक्टर म्हणाली, हा आजार भांड्यातून पसरत नाही, उकळलेल्या रसातून तर नाहीच. खोकल्यातून हवेत जातो. मास्क लावा, सुरुवातीचे काही आठवडे वेगळ्या खोलीत झोपा, खिडकी उघडी ठेवा. परत येताना रिक्षात मी हे सगळं ह्यांना सांगितलं. हे सगळा वेळ बाहेर बघत होते.

वॉर्ड

रक्त थांबेना म्हणून मला भरती करून घेतलं. वॉर्डात सकाळ फार लवकर होते. आधी फरशी पुसणाऱ्या बाईची बादली, मग गोळ्यांचा ट्रे, मग चहा. गोळ्यांनी लघवी केशरी होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी घाबरून नर्सला हाक मारली, तर ती हसली आणि म्हणाली, याचा अर्थ गोळी पोटात गेली. तुम्हालाही तसं झालं तर घाबरू नका.

शेजारच्या खाटेवर कळवणकडची एक बाई होती. तिला भेटायला कुणी येत नसे. भेटीच्या वेळेला ती भिंतीकडे तोंड करून झोपायची, म्हणजे आपल्याकडे कुणी आलं नाही हे तिला दिसायला नको. मला त्या वेळी तिची कीव यायची. माझ्याकडे हे येत होते ना. दोन मास्क एकावर एक लावून यायचे, डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवायचे, दारात उभे राहून "बरं वाटतंय का" विचारायचे आणि घड्याळ बघायचे. चार दिवसांनी मीही भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले.

आजारपणात माणूस एकटं पडतं असं म्हणतात. माझा अनुभव असा, की एकटं पडणं खोलीतल्या रिकामेपणापेक्षा हातांतून कळतं. नर्सचा हात हातमोज्यातला, डॉक्टरचाही. घरच्या माणसाचा तर नाहीच. आपल्या अंगाला कुणी सहज हात लावून किती दिवस झाले, हे मनात यायला लागतं आणि मग ते जात नाही.

जोडलेले हात

मग एका दुपारी फोन वाजला. आमच्या चर्चचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. त्यावर कमिटीचा निरोप आला होता. एस्तेरबाई क्षयरोगाने आजारी आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. त्यांनी केलेला द्राक्षरस खबरदारी म्हणून टाकून देण्यात आला आहे, कोणीही चिंता करू नये. पुढील व्यवस्था सुहासिनीबाई पाहतील.

सुहासिनी म्हणजे सुहास, माझी धाकटी नणंद. नाशिकरोडला राहते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती आणि तिच्या वेण्या मी घालायचे.

निरोपाच्या खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. एकेक नाव बघत खाली आले. ज्यांच्या मुलींच्या लग्नातले ब्लाउज मी रातोरात शिवून दिले त्यांचे हात. पाळकसाहेबांचे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचे हात. आणि मध्येच, बाकीच्यांसारखेच, आमच्या ह्यांचेही हात.

हे कमिटीवर आहेत. म्हणजे बाटल्या घरातून ह्यांनीच काढून दिल्या असणार. नंतर कळलं ते असं, की सुहास कमिटीपुढे उभी राहून म्हणाली, वहिनी नाताळापासून खोकतायत, तोच रस आपण सगळे प्यायलो, आता तरी थांबवा. कुणी डॉक्टरला विचारलं नाही. कुणी मला फोन केला नाही. चर्चच्या आवारातल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी दोन्ही बाटल्या ओतल्या. हे तिथे उभे होते.

मला किती राग आला ते लिहून सांगता येणार नाही. डोळ्यांत पाणी आलं नाही, कानशिलं तापली. मी देवाला म्हटलं, यांना धडा शिकव. ती प्रार्थना मी बरेच दिवस केली. ती केली हे लपवण्यात अर्थ नाही, कारण तुम्हीही करणार आहात.

लाल ठिपका

घरी आले तर मागची खोली माझ्यासाठी तयार होती. खाट, खिडकी, एक स्टूल. माझं ताट, वाटी आणि पेला वेगळा काढून प्रत्येकाच्या बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. आमच्या घरात नेलपॉलिश नसतंच. म्हणजे त्यासाठी हे दुकानात गेले, बाटली मागितली, रंग निवडला. एरवी मीठ संपलं तर आणायला आठवडा लावणारा माणूस.

मुलगी पुण्याला असते. तिला लहान बाळ आहे, सासरचे घाबरले, ती आली नाही. ते मी समजून घेतलं. रोज फोनवर बाळ दाखवायची. बाळ तिकडून फोनची काच चाटायचं. बायका आपापली कापडं परत घेऊन गेल्या. कुणी म्हणालं, आत्ता घाई नाही, कुणी म्हणालं, बहिणीकडे शिवायला टाकते. मशीनवर मी चादर घातली.

तेव्हा एकटी सिंधूबाई येत राहिली. पंचवटीत भाजी विकते. माझी जुनी गिऱ्हाईक, ब्लाउजच्या बाहीवरून दर वेळी भांडणारी. पहिल्या दिवशी ती सरळ मागच्या खोलीत आली, खाटेवर बसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, अगं लांब बस, मला टीबी आहे.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "माझ्या मालकाला झाला व्हता. गोळ्या खाल्ल्या, आता समद्या गावाशी भांडत फिरतोय. तू नुसती मेथी खा अन् अंडी खा. च्या हाय का?"

चहा तिने स्वतःच केला आणि तिथेच बसून प्यायली. ती गेल्यावर मी गुडघ्यावर जिथे तिचा हात होता तिथे माझा हात ठेवून बसले. असं कुणी तुमच्याकडे आलं तर त्याला लांब बस म्हणायच्या आधी मास्क नीट लावा, आणि मग बसू द्या.

गुडघे

पाळकसाहेब भेटायला आले. अंगणात खुर्ची टाकून बसले, मी खिडकीत. प्रार्थना चांगली केली. मग म्हणाले, लोकांच्या मनाचंही बघावं लागतं बाई, थोडा धीर धरा.

धीर धरा हे नेहमी ज्याच्यावर अन्याय झालाय त्यालाच सांगतात. ज्याने केला त्याला कुणी सांगत नाही की जरा धीर धर, आधी डॉक्टरला विचार, मग बाटल्या ओत. हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. आवाज चढवला नाही, पण एकही शब्द गिळला नाही. मला न विचारता तुम्ही माझं काम काढून घेतलं, सगळ्यांसमोर मला घाण ठरवलं आणि खाली हात जोडले, हे चूक झालं. पाळकसाहेबांनी चर्चमधल्या त्या कडुनिंबाकडे बघावं तसं आमच्या तुळशीकडे बघितलं. तुळस घरात आहे खोकल्यासाठी, ती एक वेगळी गोष्ट. शेवटी म्हणाले, चूक झाली.

बोलून टाकल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. राग तसाच होता, उलट आता त्याला सांगायला काही उरलं नव्हतं. रिकाम्या खोलीत दिवसभर मी सुहासशी मनातल्या मनात भांडायचे. भांडणात मीच जिंकायचे. संध्याकाळी थकून जायचे आणि जेवण जायचं नाही. वजनकाट्यावर त्या डॉक्टरपोरीने मला झापलं. म्हणाली, मावशी, औषध लागू पडतंय, मग तुम्ही वाळताय कशाने?

कशाने ते मला माहीत होतं. लहानपणापासून शिकले होते की जे आपल्याला छळतात त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. ऐकायला बरं वाटतं. करायला बसले तर सुहासचं नाव घेतलं की दात आवळायचे. मग मी प्रभूला खरं ते सांगितलं. म्हटलं, अख्ख्या सुहाससाठी मला जमणार नाही. तिचे गुडघे दुखतात, चर्चमध्ये टेकताना तिला खांब धरावा लागतो, तेवढं बघ. रोज तिच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करायला लागले. फक्त गुडघे. त्याच्या वर नाही. काही आठवडे मी गुडघ्यांवरच होते.

तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. मलाही वाटायचं. पण एके दिवशी लक्षात आलं की मी तिच्याशी मनात भांडत नव्हते, ती जिना कसा चढत असेल याचा विचार करत होते.

बोलावणं

पुढे तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाली, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. गोळ्या चालू ठेवायच्या, बाकी सगळीकडे जा, या. मी मास्क पिशवीत ठेवला आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले. हे शेजारी उभे होते. हातात फाइल होती, ती त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

पाळकसाहेबांचा फोन आला. पहिल्या रविवारी या म्हणाले. पण अजून काही लोकांच्या मनात भीती आहे, तर दोन गोष्टी करता येतील. तुमच्यासाठी कपाटातली छोटी प्याली काढू, नाहीतर तुम्ही सगळ्यांत शेवटी या, म्हणजे तुमच्यानंतर प्याला कुणाकडे जाणार नाही.

मी फोन ठेवला आणि मशीनवरची चादर काढून परत घातली. इतके महिने मला वाटत होतं की दार त्यांनी लावलंय. आता अर्धंमुर्धं का होईना ते उघडलं होतं आणि मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटायला लागली. मला तिथे जाता येणार नव्हतं, कारण मी वडिलांची मुलगी आहे.

माझं माहेर घोटीजवळच्या एका वाडीत. भातशेतीचा मुलूख, ख्रिस्ती घरं मोजकी. पाळक महिन्यातून एकदा यायचे. त्यांच्या येण्याच्या आदल्या शनिवारी आमच्याकडे एक रीत होती. ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल, त्याने त्याच्या दारात जाऊन पाणी मागायचं. बांधावरून भांडण असो, कोंबडीवरून असो. माफी मागायची नाही, कोण बरोबर ते काढायचं नाही. नुसतं "पाणी दे" म्हणायचं. समोरच्याने दिलं आणि आपण प्यायलं की झालं. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने आधी जायचं, असं वडील सांगायचे. मी लहान असताना चिडून विचारलं होतं, का? त्याने का जायचं? वडील म्हणाले होते, "तहान त्यालाच जास्त लागलेली असती, बाय." ज्याने पाणी मागितलं नाही त्याने दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला उठायचं नाही. कुणी अडवायचं नाही, पण उठायचं नाही. मी वडिलांना दोनदा बाकावर बसून राहिलेलं पाहिलंय.

शहरात ही रीत कुणाला माहीत नाही. पण सुहासला आणि ह्यांना मी ती कित्येकदा सांगितली होती, गंमत म्हणून.

फुग्यांचा कप

शनिवारी दुपारी रिक्षाने नाशिकरोडला गेले. सुहासने दार उघडलं आणि मला बघून एक पाऊल मागे सरली. मी आत गेले नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हटलं, "पाणी दे गं."

तिला कळलं. तिच्या तोंडावर मला ते दिसलं. ती आत गेली. मी ऐकत होते. माठाचं झाकण, मग कपाटाचं दार, मग कपाट लावल्याचा आवाज, आणि मग प्लास्टिकची पिशवी चुरचुरली. ती बाहेर आली तेव्हा हातात कागदी कप होता. नातवाच्या वाढदिवसातला उरलेला, त्यावर रंगीत फुगे.

तो कप तिच्या अंगावर फेकावा असं मला वाटलं. अगदी हात उचलेपर्यंत वाटलं. मी रिक्षा करून, राग गिळून इथवर आले आणि ही मला फुग्यांच्या कपात पाणी देतेय. मग वडिलांची आठवण झाली. पाणी कशात द्यायचं ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. दिलेलं पाणी प्यायचं, एवढंच होतं. मी प्यायले. सगळं प्यायले.

सुहास म्हणाली, "वहिनी, मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दामच केलंस," मी म्हटलं. "पण मी भांडायला नाही आले. गुडघे कसे आहेत?"

ती दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, ऑपरेशन सांगितलंय, घाबरते मी. तिच्या आवाजात ती वेण्या घालून घेणारी मुलगी होती. रिकामा कप कुठे टाकावा म्हणून मी इकडेतिकडे बघत होते, तर तिने हात पुढे केला आणि तो माझ्याकडून घेतला. मी निघाले तेव्हाही तो तिच्या हातातच होता.

परत येताना मला वाटलं होतं, आता झालं, आता शांत वाटेल. रिक्षा द्वारका चौक ओलांडून घराकडे वळली तरी वाटेना. छातीत तेच. आणि मग कळलं. सुहासवरचा राग मी जपून ठेवला होता, कारण तो सोपा होता. ती लांब राहत होती. ज्याच्यावर खरा राग होता तो माणूस माझ्याच घरात, पुढच्या खोलीत, पेपर वाचत बसलेला असणार होता.

बसलेलेच होते. मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले. म्हटलं, "अहो, पाणी द्या."

पेपर खाली आला. ते उठले. स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि वळून म्हणाले, "कशात देऊ?"

"ते तुम्ही ठरवा."

बराच वेळ लागला. आले तेव्हा हातात लाल ठिपक्याचा पेला होता. माझ्या हातात न देता त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि स्वतः टेबलाची कड धरून उभे राहिले. म्हणाले, "आई कशानं गेली, तुला माहीत आहे?"

तापानं, मी म्हटलं. मला तसंच सांगितलं होतं, लग्नाच्या वेळी.

"टीबीनं गेली." मग ते हळूहळू बोलत गेले. आईला लांबच्या दवाखान्यात ठेवलं होतं. त्यांचे वडील त्यांना आणि सुहासला घेऊन जायचे आणि तारेच्या कुंपणाबाहेर उभं करायचे. आई आतून हात हलवायची. एकदा सुहास तारेखालून आत पळाली, आईपर्यंत पोहोचली, तर वडिलांनी तिला ओढून आणून मारलं. त्यानंतर आई दिसली नाही. मावशीने बजावलं, हे कुणाला सांगायचं नाही, पोरीचं लग्न होणार नाही. दोघांनी सांगितलं नाही. आजतागायत नाही. "त्या बाटल्या मीच काढून दिल्या," ते म्हणाले. "मला बोलता आलं नाही. मला भीती वाटत होती. अजून वाटते."

कारण कळलं म्हणून राग उतरला, असं झालं नाही. उलट थोडा वाढला. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. पण तारेपलीकडे हात हलवणारी बाई माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मी टेबलावरचा पेला उचलला आणि पाणी प्यायले. त्यांना आणखी काही जमणार नव्हतं त्या दिवशी, आणि मी मागितलंही नाही.

शेवटी

रविवारी मी छोटी प्याली नको म्हटलं. शेवटी येईन म्हणून कळवलं. शेवटी बसवणं मला पटलं म्हणून नव्हे. ते चूकच होतं आणि पाळकसाहेबांना मी पुन्हा तसं म्हटलंही. पण मला भूक लागली होती. भुकेल्या माणसाने पंगतीत कितव्या जागेवर बसवलं यावरून उठून जाऊ नये, असं माझं मत झालंय.

प्याल्यातला रस दुकानातला होता, हे रंगावरून लांबूनच कळलं. फार लाल.

आमच्याकडे आधी पुरुष उठतात, मग बायका. पुरुष रांगेने वेदीच्या कठड्याशी गेले, गुडघे टेकले, परत आले. मी मान खाली घालून बसले होते, त्यामुळे कोण गेलं कोण आलं बघितलं नाही. मग बायका उठल्या. सुहास खांब धरून टेकली, खांब धरून उठली, आणि परत जाताना माझ्या बाकापाशी क्षणभर थांबून पुढे गेली. सगळ्यांचं झाल्यावर मी उठले. लांब कठड्याशी मी एकटी टेकले. भाकरी घेतली. प्याला ओठांना लागला तेव्हा चांदी थंड होती, आणि इतक्या महिन्यांनी माझ्या मनात कुणाचं नाव आलं नाही.

पाळकसाहेबांनी फडक्याने प्याल्याची कड पुसली आणि ते वेदीकडे वळले. तेवढ्यात मागे चपला काढल्याचा आवाज झाला. कुणीतरी बायकांच्या बाजूने चालत आलं आणि माझ्या उजव्या अंगाला, जिथे माझ्यानंतरचा माणूस टेकतो तिथे, टेकलं. मी न बघता ओळखलं. हे पुरुषांबरोबर उठलेच नव्हते. आपली पाळी घालवून बसून राहिले होते, सगळ्या चर्चच्या देखत, आणि आता दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पुढे धरले होते.

पाळकसाहेब थांबले. माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि परत आले. ह्यांनी भाकरी घेतली. मग प्याला घेतला, आणि मी जिथून प्यायले होते त्याच कडेला ओठ लावून प्यायले.

उठायची वेळ आली तेव्हा ह्यांना उठता येईना. सुहाससारखेच गुडघे आहेत त्यांचे, दोघांनी आईकडून घेतलेले. खांब लांब होता. मी माझा हात पुढे केला. त्यांनी तो घट्ट धरला आणि उठले, आणि बाकापर्यंत पोहोचलो तरी सोडला नाही. जानेवारीनंतर पहिल्यांदाच.